वस्त्राची वात

वसई भागातल्या आगाशीत पहाटे तीन ठिकाणी तीन तऱ्हेची वस्त्रं नेसली जातात.

भवानीशंकराच्या तळ्यावर अजून धुकं असतं तेव्हा पुजारी आंघोळ करून, ओल्या केसांनी, सोवळं नेसून गाभाऱ्याकडे निघतात. समोरून कोणी आलं की अंग चोरून बाजूला होतात. मुनिसुव्रत स्वामींच्या जैन देरासरात त्याच सुमारास पूजेला आलेले श्रावक शिवलेले कपडे उतरवून न शिवलेलं धोतर नेसतात, खांद्यावर खेस घेतात. मूर्तीवर आपला श्वास पडू नये म्हणून तोंडावर आठपदरी मुखकोश बांधतात. आणि सेंट जेम्स चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेआधी फादर पायघोळ पांढरा झगा घालतात, गळ्यात लांब पट्टा घेतात आणि त्यावर त्या दिवसाच्या रंगाचं प्रशस्त वस्त्र चढवतात. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला ‘देऊळ’च म्हणतात. त्यामुळे सकाळी कुणाला विचारलं, ‘कुठं निघालात?’ तर तिघांचंही उत्तर एकच येतं.

लहानपणापासून हे बघत आलो. पण देवासमोर जाताना माणसाला कपडे का बदलावे लागतात, हा प्रश्न मनात रुजला तो गेल्या पावसाळ्यात. चर्चमागच्या कपड्यांच्या खोलीत एक मावशी वेदीवरची वस्त्रं इस्त्री करत होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत ओल्या सुताचा वास भरून राहिला होता. त्यांनी हिरव्या, जांभळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या वस्त्रांच्या घड्या एकेक करून दाखवल्या. एका जुन्या वस्त्राची कड विरली होती. मी विचारलं, “आता याचं काय करणार?” त्या म्हणाल्या, “टाकत नाय कधी. आशीर्वाद दिलेलं कापड हाय. जाळायचं, नाय तर पुरायचं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “हे कपडे काय फादरचे नसतात. फादर बदलून जातात. कपडे देवळाचे.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि त्याच्या मागे मागे फार लांब जाऊन पोचलो. थेट सीनायच्या वाळवंटात उभ्या केलेल्या एका तंबूपाशी.

आठ वस्त्रांची यादी

जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा २८वा अध्याय म्हणजे एका पोशाखाचं वर्णन आहे. मोशेचा भाऊ अहरोन हा इस्राएलांचा पहिला प्रमुख याजक. त्यानं निवासमंडपात, म्हणजे त्या तंबूत, सेवेला जाताना काय घालायचं, ते तिथं वितीच्या मापापर्यंत सांगितलं आहे. ३९व्या अध्यायात तीच वस्त्रं बसालेल, अहलियाब आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी कशी घडवली, ते पुन्हा तितक्याच बारकाईनं येतं. पवित्र ग्रंथात विणकरांना आणि भरतकाम करणाऱ्यांना असं नावानिशी स्थान मिळालेलं पाहिलं की मन भरून येतं.

साध्या याजकाला चार वस्त्रं: तलम सणाचा, म्हणजे लिननचा, अंगरखा, कमरबंद, डोक्याला फेटा आणि कमरेपासून मांड्यांपर्यंत चोळणा. प्रमुख याजकाला त्यावर आणखी चार. आधी संपूर्ण निळ्या रंगाचा झगा. तो डोक्यावरून घालायचा. गळ्याची कड विणूनच पक्की करायची, म्हणजे ओढताना फाटणार नाही. झग्याच्या खालच्या घेराला निळी, जांभळी, किरमिजी डाळिंबं, आणि दोन डाळिंबांच्या मधे एकेक सोन्याची घंटा. याजक पवित्रस्थानी आत जाताना आणि बाहेर येताना त्या घंटांचा नाद ऐकू यायला हवा, नाहीतर तो मरेल, असं स्पष्ट बजावलं आहे.

झग्यावर एफोद, म्हणजे खांदपट्ट्यांनी धरलेलं, कमरेला आवळलेलं वस्त्र. त्यात सोनं विणायचं. सोनं ठोकून पातळ पत्रे करायचे, ते कापून तारा काढायच्या आणि त्या निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतात आणि सणात गुंफायच्या. पैठणीची जर ज्यानं हातात धरून पाहिली आहे, त्याला हे काम डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक मौल्यवान खडा. प्रत्येक खड्यावर इस्राएलाच्या सहा वंशांची नावं कोरलेली, जन्माच्या क्रमानं.

छातीवर ऊरपट. दुहेरी घडीचा, एक वीत लांब आणि एक वीत रुंद. त्यावर तीन-तीन खड्यांच्या चार ओळी. बारा खड्यांवर बारा वंशांची नावं, मुद्रेसारखी कोरलेली. ऊरपटाच्या घडीत उरीम आणि थुम्मीम. निवाड्याच्या वेळी देवाचा कौल त्यांच्याद्वारे घेतला जाई. आणि कपाळावर फेट्याला निळ्या फितीनं बांधलेली शुद्ध सोन्याची पट्टी. ती पट्टी याजक परमेश्वरासाठी वेगळा काढलेला आहे, असं सांगणारी.

या यादीत एक गोष्ट नाही, ती म्हणजे पादत्राणं. याजक अनवाणी सेवा करत. पुढं तंबूची जागा यरुशलेमच्या मंदिरानं घेतली, आणि ज्यू धर्मपंडितांनी नियमच सांगितला की पाय आणि मंदिराची जमीन यांच्यामधे काहीही येता कामा नये. भवानीशंकराच्या पायरीशी चपला काढून ठेवणाऱ्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. तलमूद या ज्यू धर्मग्रंथात आणखी एक मत नोंदलेलं आहे. याजकाची वस्त्रं सुईनं शिवलेली नसावीत, मागावरच विणलेली असावीत. देरासरात शिवलेला सदरा बाजूला ठेवून धोतर नेसणारा श्रावक आणि यरुशलेमचा याजक यांच्यामधे समुद्र आहे, हजारो वर्षं आहेत आणि अगदी निराळा धर्मविचार आहे. तरी सुईचं टोक दोघांनीही देवाच्या दारापासून दूर ठेवलं.

मला या पोशाखात सगळ्यात खोल वाटते ती नावांची जागा. खांद्यावर नावं आणि छातीवर नावं. माणूस ओझं वाहतो ते खांद्यावर, आणि जीव लावतो ते छातीपाशी. अहरोन आत जायचा तेव्हा त्याच्या अंगावर त्याचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. होती ती बाहेर उभ्या असलेल्या लोकांची. मावशींचं वाक्य मला इथं पहिल्यांदा ऐकू आलं.

किरमिजी

मराठी बायबलमधे त्या तांबड्या रंगाला ‘किरमिजी’ म्हटलं आहे. हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की त्याच्या पोटात एक किडा आहे, हे लक्षात येत नाही. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा. संस्कृतातल्या ‘कृमी’चाच तो भाऊबंद. ओकच्या झाडावर राहणाऱ्या एका बारीक किड्यापासून हा रंग काढत. मूळ हिब्रू शब्दही ‘तोलाअत शानी’ असाच आहे, आणि त्यातल्या ‘तोलाअत’चा अर्थ किडा. म्हणजे भाषांतर करणाऱ्यानं किरमिजी हा शब्द लिहिला, तेव्हा रंगाबरोबर किडाही न कळत मराठीत आला. २०२४ साली इस्राएली संशोधकांनी यहूदाच्या वाळवंटातल्या एका गुहेत मिळालेल्या सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या कापडाच्या तुकड्यात हाच रंग असल्याचं जाहीर केलं.

निळा आणि जांभळा रंग समुद्रातून यायचे. भूमध्य समुद्रातल्या म्युरेक्स जातीच्या शंखातल्या गोगलगाईच्या ग्रंथीत हा रंग असतो. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं बारा हजार गोगलगाई वापरल्या तेव्हा त्याच्या हाती जेमतेम १.४ ग्रॅम जांभळा रंग आला. या आकड्यावरून त्या झग्याचं मोल कळतं. २०२१च्या जानेवारीत तिम्ना खोऱ्यातल्या तांब्याच्या खाणींजवळ सापडलेल्या सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या लोकरीच्या धाग्यांत हा खरा जांभळा रंग असल्याचं सिद्ध झालं. परंपरेनं दावीद आणि शलमोन यांचा मानला जाणारा तो काळ.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इस्राएली रसायनशास्त्रज्ञ ओटो एल्स्नर यांच्या लक्षात आलं की शंखाचं रंगद्रव्य विरघळलेल्या अवस्थेत असताना त्यावर ऊन पडलं की जांभळ्याचा निळा होतो. तो निळा रासायनिकदृष्ट्या आपल्या निळीसारखाच. म्हणूनच प्राचीन काळी वनस्पतीपासून केलेली नीळ शंखाचा निळा म्हणून खपवणारे व्यापारी होते. तलमूदमधे अशा फसवणुकीबद्दल कडक इशारा आहे: डोळ्याला फरक दिसत नसला तरी देवाला तो ठाऊक आहे.

याच रंगांत आणखी एक गूढ विणलेलं आहे. लोकर आणि सण एकत्र विणलेलं कापड सामान्य इस्राएली माणसाला निषिद्ध होतं. ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ या दोन्ही पुस्तकांत ती मनाई आहे. पण याजकाच्या वस्त्रांत नेमकं तेच मिश्रण होतं, कारण रंग लोकरीला दिलेले आणि पाया सणाचा. रोजच्या जगण्यात जे वर्ज्य, ते सेवेच्या जागी विहित. सोवळ्यालाही अशीच स्वतःची निराळी नियमावली असते. कोणतं कापड, कुणी धुतलेलं, कुठं वाळत घातलेलं, कुणाचा स्पर्श चालेल. नियमांचे अर्थ धर्माधर्मांत वेगळे असतील, पण त्यांचं काम एक आहे. कापड अंगावर चढलं की माणसाला आठवण राहते, मी आता घरात नाही.

दुपारचं हिंदी वस्त्र

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या एकाच दिवशी प्रमुख याजक सगळ्यात आतल्या परमपवित्रस्थानात पाऊल टाकायचा. वाटेल की त्या दिवशी तो सोनं, घंटा, बारा खडे, सगळं लेवून जात असेल. ‘लेवीय’च्या १६व्या अध्यायात उलटं सांगितलं आहे. त्या क्षणी सगळं सोनं उतरवायचं. साध्या पांढऱ्या सणाची चार वस्त्रं घालायची आणि तसं आत जायचं. देवाच्या सगळ्यात जवळ जाताना अंगावर सगळ्यात कमी.

मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ इसवी सन २००च्या सुमारास संकलित झाला. त्यात या दिवसाचा सगळा क्रम आहे. याजक त्या दिवशी पाच वेळा पाण्यात बुडी मारायचा आणि दहा वेळा हातपाय धुवायचा. सोन्याच्या पोशाखातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून पुन्हा सोन्यात. आणि तिथं एक ओळ अशी आहे की ती वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सकाळची पांढरी वस्त्रं इजिप्तमधल्या पेलूसियमची, त्या काळच्या चलनात बारा माने किमतीची. दुपारची वस्त्रं हिंदी, आठशे झूझ किमतीची. किमतीबद्दल पंडितांत मतभेद आहेत, पण दुपारचं कापड हिंदुस्थानातलं, याबद्दल नाहीत. दुपारच्या त्या वस्त्रात याजक धूपाची पात्रं परत आणायला पुन्हा परमपवित्रस्थानात शिरायचा. यरुशलेमच्या मंदिरातल्या सगळ्यात आतल्या अंधारात वर्षातून एकदा हिंदी कापड जात होतं.

आगाशीच्या माणसाला हे वाचून सोपारा आठवणारच. आमच्या शेजारचं नालासोपारा हे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या बुरूड राजाच्या कोटात उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही सोपाऱ्यातच मिळाले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मधे या किनाऱ्यावरची बंदरं नोंदलेली आहेत: भडोच, सोपारा, कल्याण. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांत इथलं कापड असायचं. यरुशलेमचं दुसरं मंदिर उभं होतं, तो हाच काळ. शलमोन राजाला सोनं पुरवणारं बायबलमधलं ‘ओफीर’ म्हणजे सोपारा, असंही काही अभ्यासकांनी मांडलं. त्यावर वाद आहे. कापडाची साक्ष मात्र साधी आणि स्वच्छ आहे. आपल्याकडच्या कुणा अनामिक विणकराच्या मागावरचा धागा त्या दारातून आत गेला.

आईनं विणलेला अंगरखा

याजकाची वस्त्रं मंदिराच्या खर्चातून व्हायची. पण तलमूदमधे एका याजकाची गोष्ट आहे. इश्माएल बेन फाबी हा प्रमुख याजक. त्याच्या आईनं त्याच्यासाठी शंभर मान्यांचा अंगरखा केला. तो त्यानं सेवेत घातला, पण घालण्यापूर्वी लोकांच्या स्वाधीन केला. आईच्या हातचं कापडसुद्धा देवापुढे आधी सगळ्यांचं झालं, मग त्याचं.

आमच्या भागात एखाद्या घरातला मुलगा फादर होतो, तेव्हा त्याच्या पहिल्या मिस्सेला अख्खं गाव लोटतं. दीक्षाविधीत त्याला गळपट्टा आणि वरचं वस्त्र चढवतात. ते पाहताना आईच्या चेहऱ्यावर जे असतं, त्यात आनंद असतो आणि काहीतरी सुटल्याची जाणीवही असते. इश्माएलच्या आईचा चेहरा असाच असणार.

वस्त्र लोकांचं असतं, म्हणूनच सत्तेला ते आपल्या ताब्यात हवं असतं. ज्यू इतिहासकार जोसिफस लिहितो की प्रमुख याजकाचा पोशाख यरुशलेममधल्या अंतोनिया किल्ल्यात कुलुपात ठेवलेला असे. आधी हेरोद राजाच्या, मग रोमन अधिकाऱ्यांच्या ताब्यात. सणाच्या सात दिवस आधी तो याजकांना मिळायचा. सण झाला की परत किल्ल्यात. सिरियाचा रोमन सुभेदार वितेल्लियस यानं तो ज्यूंच्या हाती परत दिला. पुढं पुन्हा वाद उठला तेव्हा सम्राट क्लॉदियसनं इसवी सन ४५मधे लेखी आज्ञा देऊन तो त्यांच्याकडेच राहू दिला. एका पोशाखासाठी वकिलाती रोमपर्यंत गेल्या. विटंबनेची भीती नव्हती, वस्त्राची नीट निगा राखली जात होती. तरी परक्याच्या कुलुपातलं वस्त्र घालून आपल्या देवापुढे उभं राहणं, हीच वेदना होती. वसईच्या परिसरानं दोनशे वर्षं पोर्तुगीज राजवट पाहिली आणि १७३९मधे चिमाजी अप्पांची मोहीम पाहिली. देवळाची किल्ली कोणाकडे, या प्रश्नाचं वजन या मातीला माहीत आहे.

इसवी सन ७०मधे रोमन सैन्यानं मंदिर जाळलं. जोसिफस सांगतो, मंदिराच्या खजिनदारानं याजकांचे अंगरखे, कमरबंद आणि जांभळ्या-किरमिजी रंगाचा साठा रोमन सेनापती तीतसच्या हवाली केला. त्या दिवसापासून तो पोशाख कुणा माणसानं सेवेसाठी अंगावर घातलेला नाही. २०११ साली यरुशलेममधल्या त्या काळच्या सांडपाण्याच्या बोगद्यात पुरातत्त्वज्ञांना एक इवलीशी सोन्याची घंटा सापडली. वर कापडाला अडकवायची कडी असलेली. कुणा मोठ्या माणसाच्या वस्त्रावरून ती गळून पडली असावी, असं त्यांचं मत. हलवली तर ती अजून वाजते.

दारफळणीचा सण

मग त्या वस्त्रांचं झालं काय? मंदिर गेलं, याजकाची सेवा थांबली. पण वस्त्रं नाहीशी झाली नाहीत, ती वाटली गेली.

काही ग्रंथाच्या अंगावर चढली. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीला ज्यू लोक वस्त्र किंवा नक्षीदार पेटी करतात आणि तिच्या दांड्यांवर चांदीचे तुरे बसवतात. त्या तुऱ्यांना हिब्रूत ‘रिम्मोनिम’ म्हणतात, म्हणजे डाळिंबं. त्यांना बारीक घंटा असतात. गुंडाळी बाहेर काढली की त्या वाजतात. अहरोनाच्या झग्याच्या घेराचा नाद आता ग्रंथाच्या माथ्यावर गेला.

काही मृतांच्या अंगावर चढली. ज्यू माणूस गेला की त्याला साध्या पांढऱ्या कापडाची वस्त्रं घालतात. योम किप्पूरला प्रमुख याजक जी घालायचा, त्याच धर्तीची. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना सारखी. जन्मभर जे वस्त्र एकालाच होतं, ते मरणात प्रत्येकाला मिळतं.

आणि काही वस्त्रं आपल्या कोकणात आली. बेने इस्राएल समाजाची आठवण सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावावरून आडनावं आली: पेणकर, दिवेकर, केहिमकर, अष्टमकर. मंदिर नाही, ग्रंथ नाही आणि आपल्यातली याजकांची घराणीही नाहीत, अशा स्थितीत या समाजानं शतकानुशतकं काढली. विधींना त्यांचे काजी असत. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनागृह, शार हारहमिम, सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली उभारलं. आमच्या जवळच्या ठाण्यातलं शार हाशामाईम १८७९चं.

या समाजाच्या मराठी सणांची नावं ऐकली की अंगावर काटा येतो, इतकी ती आपल्या घरातली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि योम किप्पूरचं नाव: दारफळणीचा सण. दार लावून घेण्याचा सण. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७मधे लिहून ठेवलेल्या आणि १९३७मधे तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात या समाजाच्या जुन्या चालीरीती येतात. त्या दिवशी लोक स्नान करायचे, शुभ्र वस्त्रं घालायचे, उपास करायचे आणि दार लावून घरात राहायचे. बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचं.

मी ते चित्र पुन्हा पुन्हा मनात आणतो. आश्विनाचे दिवस, भात पिवळं पडायला लागलेलं, कोकणातलं एक कौलारू घर आणि आत पांढऱ्या कपड्यांत बसलेलं एक तेल्याचं कुटुंब. यरुशलेम कुठल्या दिशेला, हेही कदाचित त्यांना सांगता आलं नसतं. पण वर्षातल्या या एका दिवशी पांढरं घालायचं, दार बंद करायचं आणि आत जायचं, एवढं त्यांच्या अंगानं जपलं होतं. ज्या समाजाकडे याजक उरला नव्हता, त्यातल्या प्रत्येकानं त्या दिवशी याजकाचं वस्त्र घातलं. घराची कोठी हेच परमपवित्रस्थान झालं.

अंगवस्त्र

आगाशीच्या चर्चमधली वस्त्रं अहरोनाच्या पोशाखातून आली असं अनेकांना वाटतं. इतिहास जरा वेगळा आहे. ती मुळात रोमन नागरिकांची रोजची वस्त्रं. पायघोळ अंगरखा, आणि त्यावर लोक प्रवासात घालत तसा मोठा घेर. त्या घेराच्या लॅटिन नावाचा अर्थ आहे छोटं घर. काळ बदलला, लोकांचे कपडे बदलले, पण वेदीपुढे जुने तेच राहिले आणि राहता राहता पवित्र झाले. पुढं मध्ययुगातल्या लेखकांनी त्या प्रत्येक कापडाचं नातं अहरोनाच्या वस्त्रांशी जोडलं.

भारतात या वस्त्रांनी आणखी एक वळण घेतलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली रोमनं भारतीय उपासनेसाठी बारा बदलांना संमती दिली. त्यांत परंपरागत पोशाखाऐवजी अंगरखा आणि अंगवस्त्र घेण्याची मुभा होती. खांद्यावरून सोडलेलं अंगवस्त्र वेदीपुढे आलं. काहींना ते फार भावलं, काहींना परकं वाटलं. कापडाच्या एका पट्ट्यावरून माणसं किती मनापासून भांडू शकतात, हे अंतोनिया किल्ल्याच्या गोष्टीतही दिसतं आणि इथंही. कारण त्या पट्ट्यात आपण कोण, हा प्रश्न असतो.

आमच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या प्रश्नाचं उत्तर भाषेतून दिलं. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी दीर्घकाळ चालवलं, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, आणि २०२०मधे उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. २५ जुलै २०२४ला ते गेले. वसईच्या मळ्यातली मराठी त्यांनी जुन्या करारातल्या माणसांच्या अंगावर घातली. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेल्या कुपारी समाजातल्या म्हाताऱ्या देवळात बसून अहरोनाच्या चौकड्यांच्या अंगरख्याविषयी ऐकतात, तेव्हा तो माणूस त्यांना परका वाटत नसेल.

काकडा

मावशींना विचारलेला प्रश्न मी यरुशलेमलाही विचारला. विरलेल्या वस्त्राचं काय करत?

योम किप्पूरची पांढरी वस्त्रं पुन्हा वापरत नसत, ती कायमची ठेवून देत. पण याजकांच्या इतर वस्त्रांबद्दल मिश्नात जे लिहिलं आहे, ते वाचल्यावर मला दिवाळीच्या लेखासाठी वेगळा विषय शोधावा लागला नाही. शरदाच्या पौर्णिमेला मांडवांचा सण सुरू व्हायचा. त्या सणात मंदिराच्या अंगणात सोन्याच्या उंच दीपमाळा उभ्या करत. प्रत्येकीला चार वाट्या, चार शिड्या. चार तरुण याजक तेलाचे घडे घेऊन वर चढत. आणि वाती कशाच्या? याजकांच्या जुन्या चोळण्यांच्या आणि कमरबंदांच्या. ते फाडून त्यांच्या वाती वळत आणि पेटवत. त्या उजेडानं न्हाऊन निघालं नाही, असं एकही अंगण यरुशलेममधे नसायचं.

सोनं लावलेला ऊरपट जळत नाही. जळतं ते घामानं भिजलेलं, कमरेला आवळलेलं साधं कापड. दुसऱ्यांची नावं अंगावर घेऊन अनवाणी उभं राहिलेल्या माणसाचं वस्त्र शेवटी लोकांच्या अंगणात उजेड होऊन येतं. पवित्र वस्त्राचा याहून चांगला शेवट मला सुचत नाही.

आमच्या घरी आजोबांचं पूजेचं सुती धोतर होतं. वर्षानुवर्षं धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की हातात घेतलं तर वजन लागत नसे. एका वर्षी ते मधोमध विरलं. आजीनं ते टाकलं नाही. कार्तिक लागायच्या आदल्या रात्री तिनं त्याच्या लांब चिंध्या फाडल्या, पीळ देऊन काकडे वळले आणि तुपात भिजवून ठेवले. पहाटे काकड आरतीला ते तिनं देवळात दिले. आजोबा तेव्हा हयात होते. अंधारात, थंडीत, गर्दीच्या मागे उभं राहून त्यांनी आपल्या धोतराची ज्योत देवापुढे फिरताना पाहिली. त्यांनी हात जोडले होते, आणि त्या उजेडात पुढं उभ्या असलेल्या सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते.